सगळ्यात मोठा मासा लेकीचा

माझ्या भाचीला, रेवतीला, नदीतल्या माशांची काळीजं हवी होती आणि मला चार दिवस घराबाहेर पडायला निमित्त हवं होतं. तिचा नेहमीचा गाडीवाला ऐन वेळी तापानं आडवा झाला आणि मी हात वर केला. "मामा, तू फक्त गाडी चालवायची. मधे बोलायचं नाही," असं तिनं निघण्यापूर्वी मला तीनदा बजावलं. मी निवृत्त चित्रकला शिक्षक, त्यातून चिपळूणचा. जन्मभर वर्गात बडबडलेल्या आणि जन्मभर मासे खाल्लेल्या माणसाला माशांच्या प्रवासात गप्प बसायला सांगणं म्हणजे मांजराला दुधाची राखण देणं.

रेवती विद्यापीठात पाण्याच्या प्रदूषणाचा अभ्यास करते. घरात आम्ही "पोरगी माशांचं काहीतरी करते" एवढ्यावर भागवत होतो. ते "काहीतरी" नेमकं काय, हे मी गेल्या पाच वर्षांत तिला एकदाही नीट विचारलं नव्हतं. आता वाटतं, विचारलं नव्हतं तेच बरं होतं. निदान जेवण तरी जात होतं.

नंदुरबार

जानेवारीत नंदुरबारला गेलात तर गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या लागतात. पथारी म्हणजे वाळत घातलेल्या मिरचीचं शेतच. नजर जाईल तिथपर्यंत लाल, आणि त्या लालात मधेमधे मिरच्या निवडणाऱ्या बायांची रंगीत लुगडी. चित्रकलेच्या मास्तराला आणखी काय हवं? मी गाडी थांबवली, वही आणि रंग काढले आणि मिरचीच्या अगदी कडेला जाऊन ऐटीत उभा राहिलो. तेवढ्यात वारा सुटला.

पुढची दहा मिनिटं मी फक्त शिंकत होतो. डोळ्यांना धारा, नाकाला धारा, आणि रंगाचं बोट डोळ्याला लावल्यामुळे एक डोळा निळा. एक म्हातारी बाई पदर तोंडाला लावून हसत म्हणाली, "ओ दादा, वारा कथाईन येस ते देखीसन उभं ऱ्हावानं!" वारा कुठून येतो ते बघून उभं राहावं, एवढा साधा सल्ला. मी तो चारही दिवस पाळला नाही.

दुपारी खानावळीत शेवभाजी आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी खाल्ली. तर्री इतकी जहाल की शिंका परत सुरू झाल्या. तरी मी मालकाला विचारलंच, "मासे मिळतात का?" "मिळतस ना! तापीना ताजा मासा." मी नाक मुरडलं. आम्हा कोकणातल्यांची एक गंमत आहे. समुद्राचा तो मासा, आणि नदीचा तो नाइलाज. तसं मी त्या भल्या माणसाला ऐकवलंसुद्धा. रेवतीनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

तापीकाठ, पहिली सकाळ

आम्ही शहाद्याला लॉजवर उतरलो होतो. सकाळी धुक्यातून निघालो. ब्राह्मणपुरीकडून येणाऱ्या उसाच्या गाड्या, केळीच्या बागा, वेचून झालेल्या कापसाची उभी पराटी, आणि मग एकदम तापी. बंधाऱ्यानं अडवलेलं पाणी इतकं रुंद आणि इतकं निवांत की मी म्हणालो, "काय स्वच्छ आहे गं!" रेवतीनं माझ्याकडे पाहिलं. ती नुसतं बघते तेव्हा मला शाळेतल्या तपासणी अधिकाऱ्यांची आठवण येते.

प्रकाशा गावापासून थोड्या अंतरावर एक भोईवाडा आहे. त्याचं नाव मी लिहिणार नाही. तसा शब्द दिलाय, आणि का दिलाय ते पुढे कळेल. चार होड्या, वीसेक घरं. होडीवाल्यांमध्ये वडीलधारे नथ्थू नाना. साठी ओलांडलेले, अंगानं काटक, आणि बोलताना आधी पाण्याकडे बघून मग माणसाकडे बघणारे.

रेवतीनं त्यांना काम समजावलं. प्रत्येक जातीचा एक लहान, एक मध्यम आणि एक जमेल तितका मोठा मासा हवा. त्यातलं थोडं मांस, काळीज आणि कल्ले ती कापून नेणार.

"लहान देसू, ताई. मधला बी देसू," नाना म्हणाले. "मोठा नही भेटस."

"जाळ्यात येतच नाहीत?"

नानांनी पाण्याकडे पाहिलं. "येतस."

"मग?"

"नही भेटस," एवढंच बोलून ते जाळं झटकायला लागले.

हा संवाद चालू असताना मी टोपलीतल्या माशांवर व्याख्यान देत होतो. ताजा मासा कसा ओळखावा, कल्ला कसा उघडावा, वगैरे. ऐकणारा झिपरू नावाचा होडीवाला, चाळिशीचा, मिशीतल्या मिशीत हसणारा. "मास्तर, त्याले हात नका लावू," तो म्हणाला. मी म्हणालो, "अरे, मी चिपळूणचा!" आणि शिंगाळा उचलला. शिंगाळ्याच्या कल्ल्यामागे दोन्ही बाजूंना एकेक काटा असतो, ही माहिती चिपळूणला पोचलेली नव्हती. काटा अंगठ्यात असा शिरला की मी जागच्या जागी दोन गिरक्या घेतल्या. झिपरू शांतपणे म्हणाला, "चिपळूनले हाऊ मासा नही वाटतं."

नानांच्या बायकोनं, इंदूमायनं, गरम हळद बांधून दिली. अंगठा संध्याकाळपर्यंत वांग्याएवढा झाला आणि माझी माशांवरची व्याख्यानं तात्पुरती बंद पडली.

दुसरा दिवस

दुसऱ्या दिवशी काठावरच्या बाभळीखाली रेवतीनं दुकान मांडलं. स्टीलच्या सुऱ्या, चिमटे, बर्फाची पेटी, चिठ्ठ्या. सुजलेल्या अंगठ्यामुळे मला फक्त चिठ्ठ्या लिहायचं काम मिळालं. हातभर लांबीची एक मरळ तिनं पोटाकडून उघडली. पोटात दोन मासे निघाले, अख्खे, बोटाएवढे. मी "अरेरे" म्हणालो. तिनं त्यातला एक सुरीच्या टोकानं उघडला. त्याच्या पोटात बारकी झिंगी.

"झिंगीच्या पोटात काय?" मी थट्टेनं विचारलं.

"गाळ," ती म्हणाली. "आणि सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते, मामा."

मग तिनं कापता कापता सांगितलं. शहरांचं सांडपाणी येतं, कारखान्यांचं येतं, शेतातलं औषध पावसाबरोबर येतं. पाण्यात ते इतकं थोडं असतं की दिसत नाही, वास येत नाही. पण त्यातलं काही गाळात बसतं. गाळातले किडे, झिंगे ते खातात. आता आपण खातो ते आपण बाहेर टाकतो, पण हे काही जिन्नस शरीराला बाहेर टाकताच येत नाहीत. पारा मांसात बसतो, फवारणीची काही जुनी औषधं चरबीत आणि काळजात बसतात, आणि बसली की बसली. एक छोटा मासा आयुष्यभर शेकडो झिंगे खातो, म्हणजे शेकडो झिंग्यांचं त्याच्या एकट्याच्या अंगात. असे शेकडो छोटे मासे एक मरळ खाते. मासा जितका मोठा, जितका म्हातारा, जितका दुसऱ्यांना खाणारा, तितकं त्याच्यात जास्त.

मी अंगठ्याची हळद विसरलो. समोर मरळीच्या पोटात मासा, माशाच्या पोटात झिंगी, झिंगीच्या पोटात गाळ. आमच्या लहानपणी एकात एक जाणाऱ्या लाकडी डब्या मिळायच्या, तसं. सगळ्यात बाहेरची डबी सगळ्यात मोठी.

"या मरळीत आहे?"

"माहीत नाही. तपासल्याशिवाय कुणालाच माहीत नसतं. खाणाऱ्यालाही नाही आणि माशालाही नाही."

पलीकडे एक माणूस पाठीवरचा फवारणीचा पंप नदीत बुचकळून धूत होता. आमच्याकडे बघून त्यानं हात केला. मीही केला.

"पण मला मोठे मिळत नाहीत," रेवती कपाळावरचे केस मनगटानं सारत म्हणाली. "शिवडा कुठंय? नाना म्हणतात येतो, आणि मला दिसत नाही. वरचं टोकच नसेल तर माझा अभ्यास अर्धा राहील. मोठे मासे जातात कुठे?"

शिवडा म्हणजे नदीतला वाघ. खवले नाहीत, जबडा रुंद, मिशा लांब, आणि दिसेल ते गिळणारा. आता, "मोठे मासे जातात कुठे" हा प्रश्न रेवतीनं स्वतःशी विचारला होता. पण वर्गात मागच्या बाकावरून पेन्सिली कोण पळवतं ते शोधण्यात माझं आयुष्य गेलेलं. मी मनोमन निकाल लावून टाकला: हे लोक मोठा मासा हमरस्त्यावरच्या ढाब्यांना चोरून विकतात आणि आमच्या पोरीला फसवतात.

दुपारी झिपरू ओलं पोतं खांद्यावर टाकून निघाला. पोत्यातून शेपटी बाहेर लोंबत होती, आणि ती शेपटी सुपाएवढी होती. मी रेवतीला न सांगता त्याच्या मागे निघालो.

पाठलाग कसा करावा हे मी सिनेमात पाहिलेलं होतं. झिपरू वळला की मी झाडामागे. खान्देशातल्या कोरड्या उन्हात, पांढऱ्या टोपीतला, अंगठ्याला पिवळं फडकं गुंडाळलेला एक जाडजूड गृहस्थ बाभळीच्या बुंध्यामागे लपतोय, हे सबंध भोईवाडा बघत होता आणि बिचारे सौजन्यानं काही बोलत नव्हते. झिपरू ढाब्याकडे वळलाच नाही. तो एका घराच्या मागच्या अंगणात शिरला. मी कुडाशी रचलेल्या गोवऱ्यांच्या राशीवर चढून डोकावलो आणि राशीसकट आत आलो.

डोळ्यांतला भुगा पुसून पाहिलं तर समोर बाजेवर एक पोटुशी मुलगी बसलेली. हातात ताट. ती हसू दाबत म्हणाली, "ओ मास्तर, पुढलं दार उघडं शे ना!"

ती नानांची लेक वैशाली. नवरा सुरतेला कामाला, पहिलं बाळंतपण म्हणून दिवाळीपासून माहेरी. आठवा महिना. इंदूमायनं मला झाडून, पाणी देऊन ओट्यावर बसवलं. झिपरूनं पोतं रिकामं केलं. शिवडा. माझ्या मांडीएवढा.

"चारी होडीसमा ज्यो सगळ्यात मोठा मासा निंघस, त्यो माहेरवाशीनना," इंदूमाय अभिमानानं सांगायला लागली. "मन्ही पोर ऊनी तं मन्हा घर येस. पुढला साल झिपरूनी पोर येई, तं त्याना घर जाई. लेकना वाटा. विकाना नही, कोनले देवाना नही."

रिवाज असा. कुणाचीही लेक बाळंतपणाला आली, की रोज चारही होड्यांतला सगळ्यात मोठा मासा तिच्या घरी. त्यातही डोकं आणि काळीज तिलाच. काळजानं रक्त वाढतं, डोक्यानं बाळ हुशार होतं.

आमच्या कोकणात पहिलं ताट कर्त्या पुरुषाचं आणि मोठी तुकडीही त्याचीच. लेक माहेरी आली तरी तिच्या वाट्याला शेपटी. आणि हे फाटक्या जाळ्यांचे लोक सबंध नदीतलं सगळ्यात चांगलं काढून एका मुलीच्या ताटात ठेवत होते. डोळे भरून येण्याआधीच बाभळीखालची ती मरळ आठवली, मरळीतला मासा, माशातली झिंगी.

सगळ्यात बाहेरची डबी शिवडा नव्हता.

तेवढ्यात मला शोधत रेवती आली. तिनं पोत्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, वैशालीच्या पोटाकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडलेला मी पहिल्यांदा बघत होतो.

"केव्हापासून?" तिनं विचारलं.

"दिवाळीपशी," इंदूमाय म्हणाली. "एक दिवस खाडा नही!"

वैशालीनं घास उचलला. कालच्या माशाच्या काळजाचा तुकडा होता. रेवती एक पाऊल पुढे झाली. आणि मग बोललं कोण? ज्याला बोलायची मनाई होती तो.

"खाऊ नकोस! त्यात विष आहे!"

इंदूमायच्या हातातली पळी थांबली. "कोन्ही घालं विष? आम्ही?"

"तसं नाही हो, नदी…"

"आमना घरमा बसीसन, आमनी पोरना ताटले विष म्हने! सातवा महिनामा ओटी भरी मी तिन्ही! उठा. उठा, मास्तर!"

झिपरू मधे पडला नाही. आम्ही निघालो तेव्हा तो अंगणात सांडलेल्या गोवऱ्या गोळा करत होता आणि त्यानं वर पाहिलं नाही.

गाडीत रेवती म्हणाली, "मी फक्त 'असू शकतं' एवढंच म्हणू शकते, मामा. 'आहे' असं म्हणायचा मला अधिकार नाही. तुला तर नाहीच."

"तपासायला किती दिवस लागतील?"

"महिने."

"आणि तिला?"

ती खिडकीबाहेर बघत राहिली. रस्त्याकडेची केळीची बाग संपेपर्यंत बघत राहिली. मग म्हणाली, "सगळं शिकवलं मला. कुठं कापायचं, कसं गोठवायचं. ताट समोर असताना काय बोलायचं, ते नाही शिकवलं."

त्या दिवशी मी आणखी काही बोललो नाही. आमच्या घराण्यात हा विक्रम आहे.

तिसरा दिवस

सकाळी काठावर जाताना मला वाटत होतं, कुणी भेटणार नाही, नाहीतर दगड भेटतील. दोन्ही झालं नाही. होड्या पाण्यात गेल्या होत्या. नाना एकटे बसले होते, आणि थोड्या अंतरावर पाठ करून इंदूमाय.

"बठा, ताई," नाना म्हणाले. "मास्तरनं जाऊ द्या. तुमी सांगा."

रेवतीनं सांगितलं. मला सांगितलं तसंच, पण सावकाश. नाना एकेक विचारत गेले.

"तळीसन खादा तं?"

"तळून जात नाही, नाना. उकळूनही नाही."

"धुईसन?"

"नाही. चरबी, कातडं, काळीज काढून टाकलं तर त्यातलं काही कमी होतं. सगळं नाही."

"चव लागस?"

"नाही."

"वास?"

"नाही."

"मंग आमले कसं समजी?"

"तुम्हाला नाही समजणार, नाना."

नानांनी पाण्याकडे पाहिलं. ज्या माणसाला पाण्याच्या रंगावरून मासा कुठे आहे ते कळतं, त्याला ती सांगत होती की तुझ्या डोळ्यांना, नाकाला, जिभेला, कशालाच हे कळणार नाही. शिवी दिली असती तर त्यांना एवढं लागलं नसतं.

इंदूमाय पाठ न वळवताच म्हणाली, "आन् दूध? पोरना दूधमा उतरस का?"

रेवतीनं खोटं बोलावं असं मला मनापासून वाटलं. "थोडं उतरू शकतं, माय. पण दूध पाजायचंच. त्याच्याइतकं चांगलं दुसरं काहीच नाही. फक्त आता मोठा मासा नको. लहान खाऊ दे, साफ करून. आणि एका ताटानं काही होत नसतं. रोज रोज, वर्षानुवर्षं, त्यानं होतं."

"वर्षानुवर्षं," नाना म्हणाले. "मी साठ वरीस खाई ऱ्हायनू. माले तपासता येई का, ताई?"

रेवतीच्या पेटीत माशांसाठी खण होते. लहान, मध्यम, मोठा. माणसासाठी नव्हता. तिनं तसं सांगितलं. नाना हसले, आणि ते हसणं मला मिरचीपेक्षा झोंबलं. "व्हई. मी कोठे मासा शे."

तेवढ्यात होड्या लागल्या. झिपरूच्याच जाळ्यात आज शिवडा होता, कालच्याहून मोठा. त्यानं तो वाळूवर ठेवला. एरवी तो लगेच पोत्यात जायचा. आज चारही होड्यांची माणसं भोवती उभी राहिली आणि कुणी हात लावेना. माशाचा जबडा उघडमीट होत होता.

नाना उठले. दोन्ही हातांनी मासा उचलला आणि रेवतीच्या पुढ्यात ठेवला. "घ्या. तुमले मोठा पायजे व्हता ना."

"नाना, रिवाज मोडी ऱ्हायनात तुमी," झिपरू हळूच म्हणाला.

"रिवाज काय म्हनस? चांगलं ते पोरले देवानं. मोठं देवानं, आसं कोन्ही सांगं?"

झिपरूनं मिशीवरून हात फिरवला. मग आपल्या टोपलीतून ओंजळभर बारके मासे काढून इंदूमायच्या पाटीत टाकले. मागोमाग दुसऱ्या होडीनं टाकले, तिसरीनं टाकले. पाटी भरली. इंदूमाय पहिल्यांदाच वळून माझ्याकडे बघत म्हणाली, "एवढं बारीक आते साफ कोन करी? मास्तर, बठा."

म्हणून मी दोन तास बोटाएवढे मासे साफ केले. माझे दहा होईपर्यंत तिचे पन्नास होत. माझे अर्धे मासे साफ झाले की नष्ट झाले, ते सांगणं कठीण होतं. नाना शेजारी बसून म्हणाले, "लिखा, मास्तर. पन गावनं नाव नका लिखू. बजारमा कोनी हात लावाव नही आमना मासाले." मी शब्द दिला. रेवतीनं शिवड्याचं काडेपेटीएवढं मांस घेतलं, काळजाचा तुकडा घेतला, कल्ले घेतले, चिठ्ठी लावली. बाकीचा मासा तसाच उरला.

त्याच दुपारी, नानांच्या घरी

आम्हाला जेवायला थांबवलं. म्हणजे रुसवा निघाला होता. वैशालीच्या ताटात बारक्या माशांचं कालवण, बाजरीची भाकरी, कांद्याची पात. माझ्या ताटात इंदूमायनं पळी उपडी केली आणि मी बघतच राहिलो. शिवड्याचं डोकं. पाहुण्याचा मान.

नानांच्या ताटात त्याच्याच तुकड्या. इंदूमायच्याही.

"माय, हे…" रेवती म्हणाली.

"फेकसूत का काय? तापीमायनं देल्हं," इंदूमाय सहज म्हणाली. "पोर खाई नही ऱ्हायनी ना? व्हयनं तं. आमनं वय व्हयनं. आमले काय फरक पडस?" आणि माझ्याकडे बघून, "मास्तरनं बी व्हयनं."

मी साठ वर्षं पूर्ण केलेली आहेत, हे खरं आहे. पण ते इतक्या प्रेमानं, या कारणासाठी, कुणी माझ्या तोंडावर म्हटलेलं नव्हतं. काल अंगणभर "विष, विष" म्हणून ओरडलेला मी आता पुन्हा रुसवा ओढवून नाही म्हणू कसा? मी घास घेतला. आणि लिहायची लाज वाटते, पण इतका चवदार मासा मी आयुष्यात खाल्ला नव्हता. समुद्राचा धरूनही. मी दुसरा घास घेतला.

मनात एक विचित्र विचार आला. आमच्या चिपळूणच्या रिवाजाप्रमाणे मोठी तुकडी पहिल्यापासून पुरुषांनी हादडली असती, तर ही पोर सुटली असती. आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या हावरटपणाचा कुणाला तरी उपयोग झाला असता.

"बाबा, तुमना ताटमा काय शे?" वैशाली जेवता जेवता थांबली होती.

"काही नही. तू खाय."

ती उठली. आठव्या महिन्यातली बाई उठते तशी, एक हात जमिनीला टेकून. तिनं नानांचं ताट ओढलं. आईचं ओढलं. माझं ओढलं. सगळं पातेल्यात उलटं केलं आणि पातेलं घेऊन मागच्या दारी गेली. "एकटी मीच माणूस शे का घरमा?" ती म्हणाली.

"अगं, एका जेवणानं काही होत नाही," रेवती म्हणाली. वैशालीनं ऐकलं नाही.

"नदीमा टाकी दे," इंदूमाय म्हणाली.

"नदीमा? मासा खाई, उद्या जाळामा येई, परत आठेच!"

दारात कुत्री येऊन बसली होती. नुकतीच व्यालेली, आचळं जमिनीला लागलेली. शेपूट हलवत पातेल्याकडे बघत होती. वैशालीनं तिच्याकडे पाहिलं आणि पातेलं पोटाशी धरलं. "हिले नही. हिले तं नहीच."

मग ती नुसतीच उभी राहिली. आम्हीही. एक पातेलंभर कालवण, आणि पाच शहाणी माणसं, आणि ते कुठं ठेवायचं हे एकालाही सुचेना. मी साठ वर्षांत उष्टं, खरकटं, घाण, काय काय टाकलं असेल. "टाकलं" म्हणजे ते कुठंतरी गेलं, असंच धरून चाललो होतो. ते कुठं जातं, हा प्रश्न मला पातेलं हातात धरलेल्या मुलीकडे बघून पहिल्यांदा पडला.

नानांनी कुदळ आणली. मागच्या अंगणात, शेवग्याच्या पलीकडे, त्यांनी खड्डा खणायला घेतला. गुडघाभर झाला. मांडीभर झाला. कुत्री काठावर बसून बघत होती. वैशाली पातेलं घेऊन पुढे झाली, आणि इंदूमाय म्हणाली,

"थांब. आन् हीर?"

वाड्याची पिण्याची विहीर तिथून दिसत होती. चार बाया पाणी ओढत होत्या.

"एवढ्यानं विहिरीला काही होत नाही, माय," रेवती म्हणाली. मग तिनं सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं आणि आणखी समजावलं नाही. ती खड्ड्याच्या काठाला टाच लावून उभी राहिली आणि विहीर किती लांब आहे ते बघायला तिकडे पावलं मोजत निघाली. मी तिच्या मागोमाग मोजत गेलो. बाया रहाट थांबवून बघत राहिल्या. ती म्हणाली बेचाळीस. माझी एकोणचाळीस भरली.

नानांनी कुदळ खाली ठेवली, खड्ड्याच्या काठाला टाच लावली आणि तिसऱ्यांदा मोजायला ते स्वतः निघाले.